दानाला वार लावा

माझे आजोबा १९२६ साली राजापुराहून इंदुरात शिकायला आले. होळकर कॉलेजात नाव घातलं, एका लांबच्या नातलगांच्या माडीवर खोली मिळाली, जेवणाचं मात्र काहीच नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांनी सात घरं गाठली. सोमवार कृष्णपुऱ्यात, मंगळवार हरसिद्धीपाशी, बुधवार मल्हारगंजात, असं करत रविवार जुन्या इंदुरात. याला वार लावून जेवणं म्हणायचे. कुठल्याही घरावर आठवड्यातून एकाच पानाचा भार, आणि मुलगा सातही दिवस जेवलेला.

नोकरी लागल्यावर आजोबांनी आमच्या घरी गुरुवार लावला. शेवटचा ‘गुरुवारचा मुलगा’ मला आठवतो, मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. आजीचे नियम ठरलेले. त्याचं पान आमच्याच पंगतीत. त्याला सकाळचं उरलेलं वाढायचं नाही. आणि त्याच्याकडे अभ्यासाची चौकशी करायची नाही. मी एकदा मार्क विचारले तर आजी म्हणाली, “जेवायला आलाय तो, परीक्षा द्यायला नाही.”

मी अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा तपासणी विभागात. २०१७ला निवृत्त झालो आणि तेव्हापासून दान या विषयावर बोलतो. गणेशोत्सवातल्या व्याख्यानमाला, ज्येष्ठ नागरिक संघ, कधी एखादं महिला मंडळ. दोन लहान पुस्तकंही झाली. व्याख्यानानंतर पोह्यांच्या बशा फिरायला लागल्या की कोणीतरी जवळ येऊन विचारतं, “काका, आम्हांलाही करायचं आहे हो, पण सुरुवात कशी करायची?” उभ्याउभ्या, हातात बशी घेऊन त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहितोय. मराठी मधूनच हिंदीकडे झुकलेली वाटली तर चालवून घ्या; तिसरी पिढी माळव्यात आहे.

आधी वेगळं खातं

पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी तिच्यातले सहा टक्के दुसऱ्या बचत खात्यात टाकतो. माझ्या बाबतीत ते महिन्याला तीन हजारांच्या आसपास होतात. तुम्ही दोन टक्के ठेवा, एक ठेवा. आकडा ठरलेला असावा आणि घरात दोघांना माहीत असावा, एवढं पाहा. लपवून केलेल्या दानातून संसारात जेवढी भांडणं होतात तेवढी उधळपट्टीतून होत नसतील.

या खात्याला आमच्या घरात ‘खासगी’ म्हणतात. शब्द होळकरांचा. त्यांच्या कारभारात दौलतीचा, म्हणजे राज्याचा, पैसा निराळा आणि खासगीचा, म्हणजे घराण्याचा स्वतःचा, निराळा. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार पाहिला. काशी विश्वेश्वराचं १७८०चं देऊळ, सोमनाथ, गया, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, अन्नछत्रं, यांतली कितीतरी ठिकाणं होळकरांच्या राज्याबाहेरची. त्यांचा हा दानधर्म खासगीतून चालला. राघोबादादांनी पैसा मागितला तेव्हा त्यावर तुळशीपत्र ठेवून झालंय, दान म्हणून हवा तर घ्या, असं बाईंनी कळवलं, ही गोष्ट आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. २०२५ला त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. त्या वर्षी प्रत्येक मंचावर तुळशीपत्र आलं आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मला त्या दोन वेगळ्या तिजोऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. पण ‘हिशेब वेगळा ठेवला’ या वाक्याला टाळी पडत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

खात्याबरोबर वही. मोबाइलवर ठेवलीत तरी माझं काही म्हणणं नाही. मी लाल कापडी बांधणीची ठेवतो. रकाने पाच. तारीख, कोणाला, किती, कशासाठी, आणि पाचवा: पुढे काय झालं. पहिले चार त्याच दिवशी भरायचे. पाचवा तीन महिन्यांनी, स्वतः विचारून. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत हा पाचवा रकाना जवळजवळ पूर्ण कोरा आहे आणि ती वही मी मुद्दाम जपून ठेवली आहे. दुसऱ्या वर्षी कोरी घरं भरायला निघालो तेव्हा कळलं की एका संस्थेचा फोन लागत नाही, एकीकडे आमच्या पैशांची शिवणयंत्रं खोक्यातच आहेत, आणि एका मुलाने त्या फीच्या पैशांत आयटीआय पूर्ण करून पिथमपुरात नोकरीही धरली आहे. तो मुलगा मला भेटायला आला नाही. त्याने यावंच असं काही आमचं ठरलेलं नव्हतं.

वहीच्या मागच्या बाजूला एक वेगळं पान ठेवा, त्यावर ‘हातउसने’ लिहा. भाच्याला दिलेले, शेजाऱ्याच्या अडचणीला दिलेले, परत येतील न येतील, ते सगळे तिथे. त्यांना दानात धरू नका, नाहीतर वर्षअखेरीला आकडा फुगतो आणि आपण उगाच फुशारतो.

आणखी एक, थोडं बोचणारं. घरी कामाला येणाऱ्या मावशींना दिवाळीला साडी दिली ती या वहीत लिहू नका. आधी पाहा, त्यांचा पगार शेवटचा कधी वाढवला होता. आमच्याकडे तो तीन वर्षं तोच होता आणि मी गावभर दानावर बोलत फिरत होतो. हे माझ्या सुनेने दाखवून दिलं, तेही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. पगार वाढला, साडी चालू आहे, दोन्ही घरखर्चात.

आठवड्याची मांडणी

दिवसाचं वेळापत्रक मला कधीच पाळता आलं नाही. आठवड्याचं येतं. प्रत्येक वाराला एक काम, आजोबांच्या सात घरांसारखं.

मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे लिहितो, साडेपाच ते कचऱ्याची गाडी येईपर्यंत. गाडीचं गाणं वाजलं की उठायचंच असतं. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक आणि सॅनिटरी, सहा प्रकार आमच्या घरी मीच बघतो. लिहिलेलं दुपारी बायकोला वाचून दाखवतो. ती पेन्सिल घेऊन बसते. ‘गोरगरीब’, ‘वंचित’, ‘समाजाचं ऋण’, ‘खारीचा वाटा’ हे शब्द आले की न बोलता रेघ मारते. तुम्हीही कोणाला तरी पेन्सिल द्या. ‘गोरगरीब’ खोडला की तिथे कोण होतं ते लिहावं लागतं: दोन मुलांची आई, सांवेर रोडच्या कारखान्यात पॅकिंग करणारी, सकाळची बस चुकली तर अर्धी हजेरी कापली जाणारी. परिच्छेद लांबतो, पण माणूस दिसतो.

बुधवार फोनचा. आठवडाभर आलेल्या विनंत्या मी “बुधवारी बोलू” म्हणून ठेवतो. अपघात, ऑपरेशन सोडून बाकी सगळ्यांना बुधवार चालतो, असा अनुभव आहे. फोनवर रडवेला आवाज ऐकून लगेच पैसे पाठवण्याची माझी जुनी खोड अशाने सुटली. नाही म्हणायचं असेल तर त्याच बुधवारी स्पष्ट म्हणा. “बघतो, कळवतो” यात समोरच्याचा महिना जातो. मी म्हणतो, “या वर्षीचे वार भरलेत. एप्रिलमध्ये फोन करा.” निम्मे करत नाहीत. जे करतात त्यांचं ऐकून घेतो.

सोमवारी वही आणि कागद. संस्थेला पहिल्यांदाच मोठी रक्कम देणार असाल तर तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. मागायला लाजू नका. चांगल्या संस्थेला राग येत नाही, उलट हायसं वाटतं. हाती आले की या वर्षीची आरंभीची शिल्लक गेल्या वर्षीच्या अखेरच्या शिलकीशी जुळते का पाहा. हे पाचवीतल्या मुलालाही येईल आणि माझ्या नोकरीत सर्वांत जास्त भानगडी इथेच सापडल्या. मग कर्ज आणि उसनवारीचे आकडे पाहा: विश्वस्तांनीच संस्थेकडून पैसे उचललेत का? सीएच्या सहीजवळ यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा अठरा खुणांचा ओळख क्रमांक, असतो. तो आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर टाकला की सही खरी की नाही ते कळतं. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवर नाव असेल तर बरं, पण तिथे नाव असणं म्हणजे काम चांगलं असा अर्थ होत नाही.

लोक मला हमखास विचारतात, “पगारावर किती खर्च करतात ते पाहायचं ना?” पाहा, पण नाक मुरडायला पाहू नका. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षकाचा पगार हाच शाळेचा खर्च. पगारावर शून्य खर्च दाखवणारी संस्था दिसली की माझ्यातला तपासनीस जागा होतो: मग काम कोण करतंय, आणि त्याचं पोट कोण भरतंय?

कराचं थोडक्यात सांगतो. आपण ज्याला ८०जी म्हणत आलो ती देणगीवरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नवीन निवडली असेल तर नाही. दोन हजारांवर रोख दिलं तर सवलत नाही, वस्तू दिल्या तरी नाही. साधी पावती पुरत नाही, संस्थेकडून देणगीचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र (ज्याला १०बीई म्हणत आलो ते) घ्यावं लागतं. बाकी तुमच्या सीएला विचारा.

गुरुवार: जाऊन पाहणं

हा माझा आवडता वार, आणि जुना.

पहिल्या वर्षी थंडीत मी आणि दोन मित्रांनी मिळून मुलींच्या एका वसतिगृहाला चाळीस ब्लँकेटं दिली. हार, फोटो, चहा, सगळं झालं. पुढच्या आठवड्यात छत्री विसरलो म्हणून परत गेलो. थंडीत छत्री कशाला नेली होती ते विचारू नका, माळव्यात मावठा कधीही येतो. अधीक्षकबाईंनी ब्लँकेटं ठेवायची खोली उघडली. त्या महिन्यात आम्ही तिसरे होतो. छतापर्यंत ब्लँकेटं. आणि मागच्या बाजूला मुली पहाटे गार पाण्याने अंघोळ करत होत्या, कारण सोलर हीटरचा पाइप दिवाळीपासून फुटलेला होता. दुरुस्ती अठराशे रुपये. बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. ब्लँकेटं घेऊन आलेल्या माणसाला पाइपाचं कसं सांगायचं?

तेव्हापासून गुरुवारी कुठेही गेलो की एकच प्रश्न पहिल्यांदा विचारतो: “गेल्या महिन्यात काय काय मोडलं?” तुम्हीही विचारून पाहा. “काय गरज आहे?” म्हटलं की लोक मोठ्या मोठ्या गोष्टी सांगतात, कॉम्प्युटर, सभागृह, व्हॅन. ‘मोडलं’ म्हटलं की पंप, कुकरच्या रिंगा, संडासाची कडी, मिक्सरचं भांडं, असं खरं बाहेर येतं. बरंचसं हजार-दोन हजारांतलं असतं.

जायचं ते कार्यक्रम नसलेल्या दिवशी, सकाळी अकरा ते एकच्या मधे. स्वयंपाकघर पाहा. स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी बोला. संस्थेचं सगळं तिला माहीत असतं. संडास पाहा. बिस्किटांचे पुडे नेऊ नका. मुलांना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावलं तर हात जोडून थांबवा. कोणाला मार्क विचारू नका. फोन खिशात ठेवा. पाइपाचा फोटो हवा तर काढा, मुलींचा नको.

वस्तू द्यायच्याच असतील तर इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. सकाळी सहा डबे निवडणाऱ्या माणसाला कपड्यांचे तीन ढीग करता आलेच पाहिजेत: आपण अजून घालू असे, पायपुसण्याला जातील असे, आणि फेकायचे. पहिलाच ढीग द्यायचा, तोही धुऊन, चेन आणि बटणं नीट करून. दुसरा-तिसरा महापालिकेच्या केंद्रावर जाऊ दे. उघडलेली औषधं कोणालाच देऊ नका.

व्याख्यानाला उभं राहायचं असेल तर

व्याख्यानं शनिवारी घेतो, महिन्यात दोनपेक्षा जास्त नाहीत. तिसरं घेतलं की मी स्वतःचीच नक्कल करायला लागतो.

चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यात गोष्टी तीनच. चौथीपासून लोक पहिली विसरतात. ज्याची गोष्ट सांगणार त्याला आधी विचारा, आणि नाव-गाव बदलूनही तो ओळखू येत असेल तर ती गोष्ट सोडून द्या, कितीही रंगत असली तरी. मी एकदा सोडली नाही. समोर तिसऱ्या रांगेत त्या मुलीची मावशी बसली होती.

हे काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका बाईंनी शेवटी हात वर केला. “तुम्ही स्वतः किती देता?” मी देश, काल, पात्र, असं बरंच काही बोललो. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, “आकडा विचारला होता मी.” सभागृह हसलं. आता मी तो आकडा पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकतो: सहा टक्के. कोणाला फुशारकी वाटते, वाटू दे. मानधन घेतो का, तेही सांगतो. येण्याजाण्याचं भाडं घेतो; पाकीट दिलं तर ते खासगीत जातं आणि वहीत त्या मंडळाच्या नावाने चढतं.

शेवटी झोळी फिरवू नका. भारावलेल्या माणसाने रात्री आठ वाजता दिलेली नोट सकाळी त्याला टोचते. त्यापेक्षा खुर्च्यांवर आधीच कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा आणि म्हणा, फक्त एक वार लिहा आणि घरी न्या. किती लोक पाळतात? मोजलेलं नाही. पण सराफ्यात एकदा रात्री एका तरुणाने मला हाक मारली, “भिया, माझा मंगळवार आहे.” मी आधी गोंधळलो, वाटलं उपास सांगतोय.

माझ्या लहानपणी आजोळी सकाळी वासुदेव यायचा, मोरपिसांची टोपी घालून. दाणे झोळीत पडले की “दान पावलं” म्हणायचा आणि एकेका देवाचं नाव घेत ते कुठे कुठे पावलं ते सांगायचा. मी व्याख्यानात त्याला जगातली सर्वांत जुनी पावती म्हणतो. हे वाक्य बायकोच्या पेन्सिलीतून दोनदा वाचलं आहे.

रविवार

रविवार रिकामा ठेवा. हे गमतीत सांगत नाही. सतत दुसऱ्याच्या अडचणी ऐकणारा माणूस हळूहळू खेकसायला लागतो, आणि घरचे ते सोसतात. रविवारी सकाळी मी दुर्बीण घेऊन सिरपूर तलावावर जातो. २०२२पासून तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, पण आम्ही पूर्वीपासून जात होतो. थंडीत बदकं येतात. तिथे मला ओळखणारे दोघे-तिघे आहेत आणि ते फक्त पक्ष्यांबद्दल बोलतात. एकाने एकदा बंधाऱ्यावरच मंदिराच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक काढलं. मी म्हटलं, बुधवारी फोन करा. परतताना पोहे-जलेबी. घरी आलो की जुनी भिंतीवरची घड्याळं उघडून बसतो. सध्या तीन दुरुस्त होऊन चालतात, तिघांची वेळ निरनिराळी.

सुरुवात करायची तर आधी गुरुवारच घ्या असं नाही. ज्या वारी तुम्हांला दोन तास मोकळे मिळतात तो घ्या. शंभर रुपये चालतील, पण वार चुकवू नका. आजारी असाल तर मुलाला पाठवा, जसं आजी बाहेरगावी गेली की काकू वाढायची. तीन महिने एकाच ठिकाणी जा. पहिल्या भेटीत पैसे देऊ नका, नुसतं विचारून या.

वही खजूरी बाजारात मिळते, राजवाड्याकडून आत शिरलात की. लांबट, लाल, दोऱ्याने बांधायची मागा. दुकानदार विचारेल, किराण्याच्या उधारीला हवी आहे का? हो म्हणा, त्या वहीत रकाने जास्त असतात.